नाउरूचा संघ

एखाद्या स्वतंत्र देशाला एका सकाळी पायी प्रदक्षिणा घालता येते असे कोणी म्हटले, तर आपणांस ती थट्टा वाटेल. परंतु पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, असा एक देश आहे. त्याचे नाव नाउरू. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर; किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरांचा. पहाटे निघालेला धडधाकट मनुष्य दुपारच्या जेवणाला निघाल्या जागी परत यावा. सर्वांत जवळचे बेट बानाबा, आणि तेही पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटरांवर. लोकसंख्या दहा-बारा हजार. इंदूर किंवा बडोद्याच्या एखाद्या जुन्या पेठेत याहून अधिक माणसे सहज नांदत असतील.

या देशाने २००२ साली मँचेस्टर येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडासामन्यांत १५ पदके मिळविली. दोन सुवर्ण, पाच रौप्य आणि आठ ब्राँझ. ही सर्व पदके एकाच खेळातली होती, आणि तो खेळ म्हणजे वजन उचलण्याचा, ज्याला आपली वर्तमानपत्रे भारोत्तोलन म्हणतात.

हा आकडा ऐकून एकदम हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या काळी राष्ट्रकुल सामन्यांत या खेळाच्या प्रत्येक वजनगटाला पदकांचे तीन संच असत. एका झटक्यात वजन डोक्यावर नेण्याच्या प्रकाराला, ज्याला स्नॅच म्हणतात, एक. आधी खांद्यापर्यंत व मग वर अशा दोन टप्प्यांच्या क्लीन अँड जर्क या प्रकाराला दुसरा. आणि दोहोंच्या बेरजेला तिसरा. म्हणजे एकच खेळाडू एका दुपारी तीन पदके गळ्यात घालून घरी जाऊ शकत असे. पुढे केवळ बेरजेलाच पदक द्यावयाचे ठरले आणि सर्वच देशांचे आकडे आटले. तरी तीनाने भागून जे उरते तेही दहा-बारा हजारांच्या वस्तीला थोडे नाही. ते कसे साधले हे समजून घ्यावयाचे तर प्रथम त्या बेटाच्या जमिनीकडे पाहावे लागते.

ही हकिकत एका दगडापासून सुरू होते. सिडनी येथील एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडे राहावे म्हणून एक दगड लावून ठेवलेला असे. तो नाउरूहून आलेला होता, आणि ते दगड झालेले जुने लाकूड असावे असा सर्वांचा समज होता. १८९९ साली कचेरीतील अल्बर्ट एलिस यांस शंका आली. त्यांनी तो तपासून पाहिला, तेव्हा तो अत्यंत उंची प्रतीचा फॉस्फेट निघाला. फॉस्फेट म्हणजे खतांचा प्राण. शतकानुशतके ज्या बेटाकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्याची माती आता बोटी भरभरून परदेशच्या शेतांवर जाऊ लागली. बेट प्रथम जर्मनांच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व न्यूझीलंड यांच्या संयुक्त देखरेखीखाली आले. धनी बदलले, खोदाई तीच राहिली. आज बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खणून निघाला आहे, आणि मधल्या पठारावर पोवळ्याच्या चुनखडीचे उघडे सुळके तेवढे उभे आहेत. तेथे शेत नाही, घर नाही, मग मैदान कोठून असणार? माणसे किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर राहतात. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे या लोकांना विलक्षण वेड. परंतु त्यांचे प्रसिद्ध मैदान म्हणजे फॉस्फेटच्या धुळीचे पटांगण.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२० साली इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि नाउरूची मूळ प्रजा झपाट्याने रोडावली. तेव्हा असे मानले गेले की, जमात म्हणून टिकून राहावयाचे तर निदान १५०० माणसे हवीत. पुढे प्रत्येक जन्म मोजला जाऊ लागला. १९३२ सालच्या २६ ऑक्टोबरला पंधराशेवे मूल जन्मास आले, आणि तो दिवस ‘अंगाम’ या नावाने सण म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्याकडे मुलाचे बारसे घरात होते; तेथे एका मुलाच्या जन्माचा सण सबंध राष्ट्राने केला. नंतर दुसरे महायुद्ध आले. जपानने बेट घेतले आणि सुमारे १२०० नाउरूवासीयांना दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीसाठी नेले. १९४६ सालच्या ३१ जानेवारीला त्यांतील ७३७ माणसे परत आली. संख्या पुन्हा पंधराशेच्या खाली गेली होती. ती १९४९ साली पुन्हा भरून निघाली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा मुहूर्त ३१ जानेवारीचाच निवडण्यात आला.

ज्या लोकांनी आपली माणसे एकेक करून मोजली, त्यांच्या खेळाडूंकडे याच पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

सांघिक खेळात लोकसंख्येचे माप लागते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलला एका बाजूस अठरा गडी हवेत, शिवाय राखीव हवेत, शिवाय तोडीचा प्रतिस्पर्धी हवा. आणि एवढे करून तो खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. वजन उचलण्याचे तसे नाही. त्याचा मंच चार मीटर लांब व चार मीटर रुंद असतो. एक लोखंडी दांडा, काही चकत्या आणि एक खोली एवढ्यावर तालीम उभी राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे माणसाला माणसाच्या वजनाने तोलतात. साठ किलोचा नाउरूचा तरुण साठ किलोच्याच भारतीयासमोर किंवा चिनी तरुणासमोर उभा राहतो. त्याच्या पाठीशी दहा हजार लोक आहेत की शंभर कोटी, हे लोखंडाला कळत नाही. अर्थात शंभर कोटींतून एक निवडणे आणि दहा हजारांतून एक निवडणे यांत अंतर आहे, ते कोणी नाकारणार नाही. परंतु निवड झाल्यावर मंचावर पाऊल टाकले की ते अंतर मागे राहते.

हे प्रथम मार्कस स्टीफन यांनी दाखविले. जन्म १९६९ चा. फॉस्फेटच्या पैशावर अनेक नाउरूची मुले शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जात, तसे तेही मेलबर्नला शिकावयास गेले. तेथे पॉल कॉफा या प्रशिक्षकांच्या हाताखाली ते या खेळात तयार झाले. १९९० साली ऑकलंड येथील राष्ट्रकुल सामन्यांत नाउरूचे नाव प्रथमच आले, आणि त्याच वर्षी स्टीफन यांनी ६० किलो गटात एक सुवर्ण व दोन रौप्यपदके मिळविली. त्या वर्षी भारताचे वजन उचलणारे खेळाडू ऐन भरात होते. आपल्या १३ सुवर्णपदकांपैकी बहुतेक याच खेळातली होती. अशा मैदानात हे सुवर्ण मिळाले, म्हणून ते अधिक मोलाचे.

गंमत अशी की, राष्ट्रकुलात त्या वेळी नाउरूचे स्थान ‘विशेष सदस्य’ असे होते. म्हणजे राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेत त्याला खुर्ची नव्हती. खुर्ची नव्हती, पण विजयमंचावर सर्वांत वरची पायरी मिळाली होती.

ऑलिंपिकचे दार मात्र बंद होते. तेथे जाण्यासाठी देशाची ऑलिंपिक समिती असावी लागते. तिला मान्यता मिळावयाची तर देशात निदान पाच खेळांच्या संघटना हव्यात, आणि त्या आपापल्या आंतरराष्ट्रीय संघटनांशी जोडलेल्या हव्यात. मोठ्या देशाला हा कागदोपत्री उपचार वाटतो. दहा हजारांच्या वस्तीत पाच खेळांचे अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार शोधावयाचे तर तीच ती माणसे पुन्हा पुन्हा पुढे यावयाची. १९९२ चे बार्सिलोना आले तेव्हा नाउरूला मान्यता नव्हती. स्टीफन यांचे वय बावीस. या खेळात ताकद आणि चपळाई यांचा मेळ पडण्याचे हेच वय. चार वर्षे थांबणे म्हणजे कदाचित संधी कायमची घालविणे. त्यांनी पश्चिम सामोआचे नागरिकत्व घेतले आणि त्या देशाच्या वतीने ते बार्सिलोनाला उतरले.

याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. घरच्या दाराला कुलूप असताना शेजाऱ्याच्या ओसरीवरून वरातीत सामील होणाऱ्याला आपण परका म्हणत नाही. आणि पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९९४ साली नाउरूच्या ऑलिंपिक समितीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी व्हिक्टोरिया येथील राष्ट्रकुल सामन्यांत स्टीफन यांनी आपल्या गटातील तिन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि १९९८ साली क्वालालंपूरला पुन्हा तिन्ही. १९९६ साली अटलांटा येथे नाउरूचा पहिला ऑलिंपिक संघ चालत गेला. संघात तीन जण होते आणि तिघेही वजन उचलणारे. पुढे निळा ध्वज. त्यावर मधोमध पिवळी रेघ, ते विषुववृत्त. तिच्या खाली बारा टोकांचा पांढरा तारा, म्हणजे बारा मूळ कुळांनिशी ते बेट.

अटलांटात स्टीफन यांना यश आले नाही. या खेळाचा नियम निष्ठुर आहे. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात. एका प्रकारात तिन्ही फुकट गेले की बेरीजच मांडली जात नाही, आणि खेळाडूला क्रमांक मिळत नाही. स्टीफन यांच्या नावापुढे बेरीज लागली नाही. मोठ्या संघात अशा वेळी दुसरा कोणीतरी लाज राखतो. तीन जणांच्या संघात एकाचे असे होणे म्हणजे देशाच्या तिसऱ्या हिश्शाचेच तसे होणे. ऑलिंपिकमध्ये नाउरूला आजवर एकही पदक मिळालेले नाही. २००४ साली अथेन्सला युकिओ पीटर यांना आठवा क्रमांक मिळाला, तीच आतापर्यंतची सर्वांत वरची पायरी.

तरीही तारखा लावून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. राष्ट्रकुलाचे पूर्ण सदस्यत्व नाउरूला मिळाले १९९९ साली, आणि संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश झाला तोही १९९९ साली. मुत्सद्दी सभागृहात जाऊन बसण्याच्या कितीतरी आधी खेळाडूंनी देशाचे नाव जगाच्या फलकावर लिहून ठेवले होते.

इकडे फॉस्फेट सरत आले होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे नाउरू दरडोई उत्पन्नात जगातल्या अगदी वरच्या देशांत गणला जाई. मेलबर्नमध्ये त्याने ५२ मजल्यांची इमारत उभारली, स्वतःची विमान कंपनी काढली. खणून टाकलेल्या जमिनीबद्दल त्याने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आणि १९९३ साली १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. परंतु गैरव्यवहार आणि उधळपट्टी यांपुढे तो पैसा टिकला नाही. ती उंच इमारत २००४ साली विकावी लागली. शेतजमीन गेलेली, अन्न डबाबंद आणि बोटीने येणारे. लठ्ठपणा आणि मधुमेह यांत हे बेट जगात पुढच्या रांगेत जाऊन बसले. मँचेस्टरची १५ पदके या पडत्या काळातली आहेत. त्यांतील दोन्ही सुवर्णपदके रीआना सॉलोमन यांची. नाउरूच्या स्त्रीने मिळविलेले ते पहिले राष्ट्रकुल सुवर्ण.

मार्कस स्टीफन पुढे राजकारणात गेले. २००३ साली ते संसदेत निवडून आले, आणि २००७ च्या डिसेंबरपासून २०११ च्या नोव्हेंबरपर्यंत देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दीतच, २०१० साली, राष्ट्रकुल सामने आपल्या दिल्लीत भरले. तेथे ७७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले ते नाउरूच्या युकिओ पीटर यांनी. आपल्या सुधीरकुमार यांना त्याच गटात ब्राँझ मिळाले, त्यामुळे कित्येकांनी हे नाव तेव्हा ऐकले असेल आणि विसरलेही असतील.

अलीकडे हा ओघ मंदावला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला नाउरूतून एकच खेळाडू गेला, आणि तोही धावणारा, शंभर मीटरचा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या ज्या राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीच्या संकेत सरगर यांनी ५५ किलो गटात रौप्यपदक मिळविले, त्याच सामन्यांत स्त्रियांच्या ७६ किलो गटात नाउरूच्या मॅक्झिमिना उएपा यांनी ब्राँझ जिंकले. सर्वांत वरच्या वजनगटातले ब्राँझ करिष्मा अमो-टॅरंट यांना मिळाले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे याच बाईंनी नाउरूसाठी रौप्यपदक मिळविले होते. बर्मिंगहॅमला मात्र त्यांच्या अंगावर ऑस्ट्रेलियाचा पोशाख होता, आणि फलकावर त्यांच्या नावापुढे तो मोठा देश लिहिलेला होता.