शिक्षणाचे कर्ज आणि बँकेशी वाद

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की झरी येते. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर; रब्बीत ज्वारी. इथल्या घरात पैशाची ओढाताण कधी असते हे तुम्हाला सांगायला नको. मृग लागला की बी-खताची उधारी सुरू होते, आणि नेमक्या त्याच हंगामात पोरापोरींचे कॉलेजचे प्रवेश निघतात. कापूस घरात यायला दिवाळी उजाडते; फी मात्र आठ दिवसांत भरावी लागते. मग बाप लेकाला घेऊन बँकेत जातो, साहेब दाखवतील तिथे सही करतो, आणि पुढची चार वर्षे त्या कागदाकडे घरातले कोणी बघत नाही.

वाद उपटतो तो पाचव्या वर्षी.

समजा, झरीतल्या एका घराने मुलाच्या अभियांत्रिकीसाठी चार लाख रुपये कर्ज काढले. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले. व्याज शेकडा दहा धरू. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. ते सरळ व्याज असते, एवढीच काय ती सवलत. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २० हजार. मिळून १ लाख ४० हजार. म्हणजे हप्ते सुरू होतात त्या दिवशी खात्यावर ५ लाख ४० हजार दिसतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. पोराला पुण्यात नवी नोकरी, पगार बेताचा. घरात एकच प्रश्न, "आपण तर चारच लाख घेतले होते ना?"

बँकेने फसवले असे म्हणून लगेच भांडायला धावू नका. हिशोब बरोबर आहे. पण तुमच्या घराचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर ते १ लाख ४० हजार तुम्ही भरायचेच नव्हते! केंद्र सरकारची व्याज सवलत योजना २००९-१० पासून चालू आहे. मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अशा घरच्या मुलांचे, शिक्षणाच्या काळातले आणि त्यापुढच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो आणि बँकेच्या शाखेने सरकारकडे मागणी पाठवावी लागते. अनेक वादांचे मूळ इथेच असते. दाखला दिलेला असतो, पण मागणी गेलेली नसते. नाहीतर दाखलाच दिलेला नसतो आणि कोणी मागितलेलाही नसतो. सवलत मिळाली तर त्याच घराचा हप्ता ५,३०० च्या आसपास बसतो.

म्हणून दर वर्षी खात्याचा उतारा काढा आणि सवलतीची रक्कम जमा झाली का ते बघा. नसेल तर त्याच वर्षी लेखी विचारा. ही सवलत एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला. आजारपणासारखे कारण नसताना शिक्षण मध्येच सोडले तर ती जाते, हेही पोराच्या कानावर घालून ठेवा.

दुसरा घोळ नियमांच्या वर्षांचा. बँकांच्या संघटनेने शिक्षणकर्जाची नमुना योजना २००१ मध्ये आणली आणि पुढे ती वेळोवेळी बदलली. जुन्या कर्जात हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा सुरू होई. २०१५ च्या सुधारणेनंतर सरसकट एक वर्षाची सूट आली आणि फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू लागली. पूर्वी चार लाखांच्या वर गेले की जामीनदार लागे. सप्टेंबर २०१५ पासून सरकारने हमी निधी उभा केला, म्हणून साडेसात लाखांपर्यंत तारण आणि जामीनदार दोन्ही नसताना कर्ज मिळू शकते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ही तीन टक्के मिळत नाही.

शेजारच्या पोराला २०२५ मध्ये जे मिळाले ते आपल्या २०१३ च्या कर्जाला आपोआप लागू होत नाही. आपल्या कराराचे वर्ष कोणते, हे आधी बघा. जगभर हीच रीत आहे. अमेरिकेत तिथल्या नागरिकांना सरकार स्वतःच शिक्षणाला कर्ज देते. ४ जुलै २०२५ रोजी तिथे नवा कायदा झाला, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर कर्जदारांसाठी एक मोठी योजना बंद ठरली; आधीपासून शिकत असलेल्यांना मात्र काही काळ जुनी सोय ठेवली. आपल्याकडचा पोरगा तिकडे शिकायला गेला तर त्याला ते सरकारी कर्ज नाहीच. त्याचे कर्ज इथल्याच बँकेचे.

बँका बदलतात तेव्हाही गोंधळ उडतो. मराठवाड्यात अजून 'हैद्राबाद बँक' म्हणतात, पण ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण आणि महाराष्ट्र या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. पाटी बदलली तरी करार तोच राहतो. जबाब नव्या बँकेने द्यायचा.

आणि कर्जमाफीचे म्हणाल, तर स्पष्ट सांगतो. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, ह्या दोन्ही माफ्या शेतीच्या कर्जाच्या होत्या. शिक्षणाचे कर्ज त्यात नव्हते. "माफी येईल" म्हणून हप्ता थांबवणारी घरे नंतर दुप्पट पस्तावतात, आणि पोराच्या नावावर डाग राहतो तो वेगळाच.

बापाचे पीककर्ज थकले म्हणून लेकाला कर्ज नाकारल्याची तक्रार तर गावोगाव ऐकू येते. हे दुखणे खरे आहे. बाप सहकर्जदार असतो, म्हणून बँक त्याची नोंद बघते. पण लक्षात ठेवा, नमुना योजनेनुसार शाखेला एकट्याने अर्ज फेटाळता येत नाही. वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. कारण लेखी मागा. "तुमचे गाव आमच्या क्षेत्रात नाही" हे कारण चालत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच कळवले आहे. सिबिलचा आकडा कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचे कर्ज अडवू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आता तक्रारीची वाट. पहिला अर्ज शाखेला, दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तीस दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या तक्रारींचे एकच टपालघर आहे, चंदीगडला. साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते. पैसा लागत नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा फुकटचा फोन. तीन महिन्यांच्या पुढे ताणू नका, आणि आधी कोर्टात जाऊ नका. प्रकरण कोर्टात असले तर लोकपाल हात लावत नाही. कर्ज द्या असा हुकूम मात्र लोकपालाकडून मागू नका. कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यवहारी निर्णय आहे, त्यात ते पडत नाहीत. व्याजाचा चुकीचा हिशोब, न गेलेली सवलत, न दिलेले उत्तर, ह्यासाठी ते आहेत. परभणीत जिल्हा ग्राहक आयोगही आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, पण तिथे सही करण्याआधी तडजोडीचा आकडा घरी बसून तपासा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

हप्ता थकला तरी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. २०२४ पासून दंडावर व्याजही चढवता येत नाही. जमिनीची भीती सगळ्यांत मोठी असते. कोर्टात न जाता तारण जप्त करण्याचा जो २००२ चा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. (म्हणूनच बहुतेक बँका मोठ्या शिक्षणकर्जाला शेत तारण घेत नाहीत, घर किंवा ठेव मागतात.) कोर्टात दावा लावण्याचा बँकेचा हक्क मात्र राहतो.

शेवटचा हप्ता भरला की 'येणे नाही' असा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या. तारणाचे कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. सिबिलमध्ये कर्ज अजून चालू दिसत असेल तर तिथेही लेखी तक्रार करा. दुरुस्तीला तीस दिवस, त्यानंतर दिवसाला १०० रुपये.