रेघ दिसली म्हणून अपूर्णांक नव्हे

अमडापूर. सातवीचा गणिताचा तास. फळ्यावर आठ संख्या : −७, ०, ३/५, १२/४, −८/२, ९/६, २.५ आणि ४.०. सर म्हणतात, यातल्या पूर्णांक संख्यांना गोल करा.

−७ आणि ० यांना झटक्यात गोल पडतो. फळ्यापाशी आलेली मुलगी १२/४ मात्र सोडून देते. ‘‘सर, मधात रेघ हाय ना!’’

‘‘मंग भाग देऊन पाह्य.’’

चार त्रिक बारा. तिथेही गोल. −८/२ म्हणजे −४, तोही आत. ९/६ संक्षिप्त केल्यावर ३/२ होतो. छेदात २ उरतात, म्हणून बाहेर. २.५ म्हणजे ५/२, तेही बाहेर. ४.० मध्ये दशांशचिन्ह असूनही तो निव्वळ ४. एकूण खूण एकच : संक्षिप्त रूपात छेद १ उरला, तर संख्या पूर्णांक.

‘‘मग परिमेय किती?’’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘‘तीन!’’ सर मान हलवतात आणि −७ च्या जागी −७/१ लिहितात. अंश-छेद दोन्ही पूर्णांक आणि छेद शून्य नसला, की संख्या परिमेय. म्हणजे आठही परिमेय. गोल केलेल्या पाच त्यांच्यातल्याच.

जुन्या पिढीने हाच भेद पाढ्यांतून घोकला होता. पावकीत दर चौथ्या पायरीला पूर्ण संख्या येते, निमकीत दर दुसऱ्या. पाऊणकीत चार पाऊण तीन. औटकी साडेतीनची, म्हणून दोन पायऱ्यांतच सात. किती पायऱ्यांनी पूर्ण संख्या लागेल, हे छेदच ठरवतो.

मागच्या बाकावरून शंका येते. पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे. मग शेत तेच असून ३/४ अपूर्णांक आणि ३० पूर्णांक कसा? सर म्हणतात, एकराचे गुंठे केले की माप बदललं, म्हणून संख्याही बदलली. पूर्णांक असणं हा संख्येचा गुण, शेताचा नव्हे.

मग ते त्याच ३० गुंठ्यांची वाटणी करायला सांगतात. तिघा भावांना दहा-दहा येतात. चौघांना? साडेसात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार कितीही करा, पूर्णांकांतून पूर्णांकच निघतात. भागाकाराला मात्र ते अपुरे पडतात आणि तिथेच परिमेय संख्यांची गरज लागते. शून्याने भागणं तेवढं त्यांनाही जमत नाही.