रोशा: खानदेशचं सुगंधी गवत

रोशा गवत शोधायचं तर खानदेशातल्या कोरड्या, झुडपी डोंगरउतारांवर जावं. बोरूसारख्या ताठ काड्यांचं, माणसाहून उंच वाढणारं हे बहुवर्षायू गवत वणव्यात वरून जळालं तरी पावसात बुडख्यातून पुन्हा फुटतं. पान चुरगाळलं की गुलाबाची आठवण येते, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य असतं. पावसाळ्यानंतर फुलावर आलेलं गवत भट्टीत घालून वाफेबरोबर त्याचं तेल काढतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळलं जाई! मोतिया आणि सोफिया हे रोशा गवताचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखेच. दर मात्र मोतियाच्या तेलालाच चांगला.