पाठातली सकाळ कोणाची?

केडगाव म्हटले की पुष्कळांना दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या कार्याने प्रसिद्धीस आलेले केडगाव आठवते. आमचे केडगाव ते नव्हे. नगर शहरास लागून, पुण्याच्या रस्त्यावर, रेणुकामातेच्या देवळाचे हे केडगाव. येथे घरबसल्या आम्ही प्राथमिक शाळेतील मुलांसाठी भाषेचे पाठ, स्वाध्याय व पूरक वाचनाच्या गोष्टी लिहितो. चाकरी कोणाची नाही. पाठागणिक मोबदला मिळतो. हे काम करण्याची हौस असणाऱ्या सुशिक्षित भगिनी अनेक आहेत, म्हणून आमचा अनुभव येथे मांडीत आहोत.

या कामाची परंपरा थोर आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले व १९१४ साली देह ठेवीपर्यंत ते निष्ठेने चालविले. फुलामुलांचे कवी रे. ना. वा. टिळक याच नगरात अनेक वर्षे राहिले. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने क्रमिक पुस्तकांतील रुक्षपणा पुष्कळसा घालविला. १९६७ साली 'बालभारती'ची स्थापना झाली आणि क्रमिक पुस्तके समित्यांच्या हाती गेली. तरी स्वाध्यायपुस्तिका, गोष्टींची लहान पुस्तके आणि 'बालभारती'च्याच 'किशोर'सारखी मासिके यांत स्वतंत्र लेखकास अजून वाव आहे.

दुसरीच्या मुलांसाठी आम्ही एकदा 'सकाळ' नावाचा पाठ लिहिला. वाक्ये चार-पाच शब्दांची. जोडाक्षर एकही नाही. आजी सोवळे नेसून देवघरात बसते, आई दारात रांगोळी काढते, ताई पाट मांडते, असा सगळा थाट. पाठ उत्तम साधला असे वाटून आम्ही तो शेजारच्या एका मुलीकडून वाचून घेतला. तिची आई भाजी विकते. मुलीने कोठेही न अडखळता पाठ वाचला व विचारले, "काकू, सोवळं म्हंजे काय?"

आम्ही अर्थ सांगितला आणि सहज विचारले, "ही सकाळ कोणाची गं?"

"तुमची," ती म्हणाली.

"मग तुझी कशी असते?"

"आई अंधारातच मार्केटात जाते. मी पाणी भरते. मग भावाला उठवते."

आम्ही निरुत्तर झालो. अक्षरे सोपी केली म्हणजे पाठ सोपा झाला, हा आमचा भ्रम होता. आमच्यासारख्या घरांतून लिहिणाऱ्यांस आपलेच देवघर सर्वांचे घर वाटते. मुलाला मात्र प्रत्येक पाठातून हेच ऐकू येते की पुस्तक दुसऱ्यांचे आहे. आपण केवळ पाहुणे. प्रमाणभाषा शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. ती प्रत्येकाच्या हक्काची आहे. पण तिच्याकडे जाणारी वाट मुलाच्या अंगणातून निघावी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवीत, तेव्हा दगड, पाने, शिंपले हेच त्यांचे शिक्षणसाहित्य होते, ते उगीच नव्हे.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: पाठ आधी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावयाचा. जेथे ते अडेल, तेथे शब्द बदलावा. जेथे न अडता उदास होईल, तेथे आपली दृष्टी बदलावी. शेवटचा प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर पाठात नव्हे, मुलाच्या घरी सापडेल.

व्यवहाराचेही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९५७ च्या कायद्यान्वये, नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, लेखकच होय. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट वाचावा आणि पुस्तकावर आपले नाव येईल की नाही हे विचारण्यास संकोच करू नये.

'सकाळ' आम्ही पुन्हा लिहिला. पाणी भरणारी मुलगी त्यात आली. तोच पाठ वाचून शेजारची मुलगी हसली आणि लगेच चूक दाखविती झाली: "पाणी रोज कुठं येतं, काकू?" मग आमच्या हातातील पेन्सिल घेऊन तिने कागदाच्या तळाशी स्वतःचे एक वाक्य लिहिले. त्यात एक वेलांटी चुकली होती. ती मात्र आम्ही त्या दिवशी दुरुस्त केली नाही.