दुहेरी काचेची खिडकी: ऐकीव आणि खरे

खिडक्यांच्या शोरूममध्ये दोन प्रयोग हमखास दाखवतात. एका पेटीत कर्कश वाजणारा स्पीकर ठेवलेला असतो. पेटीची दुहेरी काचेची खिडकी लावली की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. शेजारी उष्णतेचा दिवा असतो. काचेमागे हात धरायला सांगतात आणि हाताला झळ लागत नाही. दोन्ही प्रयोग खरे असतात, त्यात हातचलाखी नसते. पण त्या पेटीला एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक नसते, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट नसते. दिव्यासमोरची काचही बहुधा साधी नसते, तिच्यावर खास लेप असतो. आपल्या घरी येऊन बसते ती खिडकी वेगळी असते. मोठी रक्कम मोजूनही एप्रिलमध्ये बेडरूम तापायची ती तापतेच, आणि मग दोष ‘डबल ग्लेझिंग’वर येतो.

मूळ घोटाळा असा, की दुहेरी काच ही थंड मुलखाची गरज आहे. अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांनी तिचे पेटंट १८६५ साली घेतले. बाहेर बर्फ आणि आत शेकोटी, अशा ठिकाणी घरातली ऊब बाहेर जाऊ न देणे हे तिचे काम. आपल्याकडे खिडकीचे शत्रू निराळे आहेत: पश्चिमेचे ऊन, वाऱ्याबरोबर येणारा पाऊस, रस्त्यावरचे हॉर्न आणि कोकणात खारी हवा. एकच खिडकी या सगळ्यांना सारखीच पुरी पडत नाही.

‘दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी असते’

नसते. तिथे साधी कोरडी हवा असते, कधी आर्गॉन वायू असतो. काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे बारीक मणी भरलेले असतात आणि कडा दोन थरांच्या सीलने बंद केलेल्या असतात. खरोखरच हवा काढून घेतली, तर बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा पडेल आणि काचा आत दबून फुटतील. निर्वात काच हा वेगळा प्रकार आहे. त्यात मधले अंतर जेमतेम ०.२ मिमी असते आणि काचा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक टेकू लावलेले असतात. ‘व्हॅक्यूम’ म्हणून कुणी १२ मिमी अंतराची खिडकी विकत असेल, तर त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा सावधपणे पाहावे.

मधली हवा कोंडलेली असल्यामुळे एक गंमत होते. मुंबईत समुद्रसपाटीला सील केलेली काच महाबळेश्वरच्या बंगल्यात, सुमारे १३५० मीटर उंचीवर नेली, की बाहेरचा दाब पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो आणि दोन्ही काचा बाहेरच्या बाजूला फुगतात. सीलवर ताण येतो, कधी काच तडकते. घाटमाथ्यावर घर असेल, तर काच बनवणाऱ्याला ही उंची ऑर्डर देतानाच सांगायची असते. दाब सारखा करण्यासाठी तो बारीक नळी ठेवून देतो.

‘डबल काच लावली की ऊन लागत नाही’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, म्हणून इथे थोडा हिशेब करू.

उष्णता खिडकीतून दोन वाटांनी येते. एक वाट हवेच्या तापमानातल्या फरकाची. बाहेर ३४ अंश आणि एसीच्या खोलीत २६ अंश असतील, तर फरक ८ अंशांचा. एवढ्या फरकाला ६ मिमीच्या एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून सुमारे ४६ वॉट उष्णता आत येते. साध्या दुहेरी काचेतून २२ वॉट. म्हणजे निम्म्याहून जास्त बचत, आणि जाहिरातीत छापतात तो आकडा हाच.

दुसरी वाट थेट उन्हाची. एप्रिलच्या दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडते असे धरू. साधी एकेरी काच त्यातले सुमारे ४९० वॉट आत सोडते. साधी दुहेरी काच सोडते ४२० वॉट. पहिल्या वाटेवर वाचवले २४ वॉट आणि दुसऱ्या वाटेने चारशेहून जास्त वॉट आत आलेच. ऊन पारदर्शक काचेतून जाते; काचा दोन असल्या तरी त्याचे फारसे काही अडत नाही.

ते अडवण्याचे उपाय दोनच. पहिला, खिडकीच्या बाहेर सावली. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; जूनमध्ये तर मुंबईत तो भर दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्ज्याच्या खालून येते. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून सोडलेला बांबूचा चिक, झाड किंवा बाहेरचे लाकडी झडप लागते. आतला जाड पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण ऊन काचेच्या आत आल्यानंतर तो ते अडवतो. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. जुन्या वाड्यांना आणि कोकणातल्या घरांना सावली बाहेर करायची असते हे पक्के ठाऊक होते. फ्लॅट बांधताना आपण ते सोडून दिले याचे मला फार वाईट वाटते.

दुसरा उपाय, लेप दिलेली ‘सोलर कंट्रोल लो-ई’ काच. हा लेप धातूच्या अतिपातळ थरांचा असतो. चांगली लेपवाली दुहेरी काच त्याच ६०० वॉटपैकी १८० वॉटच्या आसपास आत सोडते आणि उजेडही बऱ्यापैकी येऊ देते. आता दुहेरी काचेचे आपल्या हवेतले खरे काम लक्षात येईल. यातले बहुतेक चांगले लेप नाजूक असतात. हवा, ओल, पुसण्याचे फडके त्यांना सहन होत नाही, म्हणून ते दोन काचांच्या बंद जागेतच ठेवावे लागतात. दुहेरी काच उष्म्याच्या प्रदेशात घ्यायची, ती मुख्यतः त्या लेपाला घर मिळावे म्हणून. लेपाशिवाय पश्चिमेची दुहेरी काच घेणे हा माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे. उत्तरेच्या, सावलीतल्या खिडकीला तर पुष्कळदा एकेरी काचही चालते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तीही इमारतीच्या भिंती, खिडक्या आणि सावली यांतून मिळून किती उष्णता आत येते हे मोजते. थंड प्रदेश सोडून बाकी ठिकाणी ही मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉटची आहे. काचा किती आहेत हे ती विचारत नाही.

‘डबल काच म्हणजे आवाज बंद’

६ मिमीची एकेरी काच साधारण ३१-३२ डेसिबल आवाज अडवते. ६ मिमी काच, १२ मिमी हवा, पुन्हा ६ मिमी काच या नेहमीच्या जोडणीने हा आकडा ३३ पर्यंत जातो. एवढा फरक कानाला जाणवतही नाही. दोन सारख्या काचा आणि त्यांमधली अरुंद हवा एकत्र थरथरतात, आणि हे थरथरणे २०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात असते. बस आणि ट्रकची घरघर नेमकी त्याच भागातली. त्यामुळे साधी दुहेरी काच शिट्टी अडवते आणि ट्रकला वाट देते.

आवाजासाठी तीन गोष्टी मागाव्यात. काचा वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात. त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये लवचिक थर असलेली असावी. १० मिमी आणि साडेसहा मिमी लॅमिनेटेड अशी जोडी ३८ ते ४० डेसिबलपर्यंत जाते. आवाज दहा डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, म्हणजे हा फरक खरा आहे. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, फटी नकोत. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीला चारी कडांनी फक्त एक मिलिमीटर फट राहिली, तर काच कितीही भारी असो, ती खिडकी २५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. स्लायडिंग खिडकीच्या कडेला ब्रशसारखी लव असते, तिच्यातून हवा जाते आणि हवेबरोबर आवाजही. बिजागरीवर उघडणारी खिडकी बंद करताना रबराच्या गास्केटवर दाबून बसते. आवाजाचा त्रास असेल, तर स्लायडिंगमध्ये महागडी काच घालण्यापेक्षा दाबून बसणाऱ्या खिडकीत साधी लॅमिनेटेड काच घालणे जास्त शहाणपणाचे.

रस्त्याला लागून घर असलेल्यांसाठी आणखी एक उपाय आहे, आणि तो कमी विकला जातो. आहे ती खिडकी राहू द्यावी आणि आतल्या बाजूने, चार इंच अंतर सोडून, दुसरी खिडकी बसवावी. मधली हवा रुंद झाली की थरथरण्याचा तो सूर ७० हर्ट्झच्या आसपास खाली उतरतो आणि बसची घरघरही अडते. उंबऱ्याएवढी जाड भिंत असलेल्या जुन्या इमारतींत हे सहज जमते. दोन्ही खिडक्या बंद असताना ताजी हवा कुठून येणार, हे मात्र आधी ठरवावे.

‘स्लायडिंग जागा वाचवते, मग तीच बरी’

जागा वाचते हे खरे. पण दोन झडपांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. इको निवास संहिता मुंबईसारख्या दमट हवेत घराच्या चटईक्षेत्राच्या एक-षष्ठांश इतके उघडणारे क्षेत्र मागते. १२० चौरस फुटांच्या खोलीला त्या हिशेबाने २० चौरस फूट लागतात. पाच बाय चारची स्लायडिंग खिडकी कागदावर तेवढी भरते, उघडते मात्र दहाच चौरस फूट.

पावसाचा मुद्दा त्याहून मोठा. ताशी ८० किलोमीटरचा वारा खिडकीवर सुमारे ३०० पास्कल दाब देतो, आणि तेवढा दाब ट्रॅकमधले पाणी ३० मिमी वर ढकलतो. ट्रॅकची आतली कड त्याहून कमी उंच असेल, तर पाणी खोलीत येणारच, सिलिकॉन कितीही थापा. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या उंच मजल्यांना जुलैमध्ये असा वारा नवा नाही. फॅब्रिकेटरला ही कड मोजून दाखवायला सांगावे. ट्रॅकची पाणी जायची भोके मे महिन्यातच साफ करावीत. ती तुंबली की दुहेरी काचेची खालची कड पाण्यात उभी राहते आणि सील तिथूनच सुटते. काचांच्या आत, हात पोहोचत नाही अशा जागी, धुके दिसू लागले की समजावे, सील गेले. पुसून किंवा ड्रिल मारून ते बरे होत नाही. काचेची जोडी बदलावी लागते.

बाहेर उघडणाऱ्या झडपांनाही अडचणी आहेत: बाहेर ग्रिल असेल तर ती उघडत नाहीत, जाळी आत घ्यावी लागते आणि विसाव्या मजल्यावर वाऱ्यात सुटलेले झडप धोक्याचे. तिथे आत उघडणारी ‘टिल्ट अँड टर्न’ बरी, पडद्याची जागा तेवढी आधी ठरवून.

‘अ‍ॅल्युमिनियम तापते, म्हणून यूपीव्हीसीच घ्या’

अ‍ॅल्युमिनियम यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते, हे बरोबर. पण चौकट खिडकीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते आणि आपल्याकडे आत-बाहेर तापमानाचा फरक थोडा. दीड चौरस मीटरच्या खिडकीला हा फरक दहा वॉटच्या आसपास पडतो. तेवढ्यासाठी मटेरियल ठरवू नये. मोठी झडपे आणि बारीक चौकट हवी असेल, तर अ‍ॅल्युमिनियम. मध्यम आकार, घट्ट गास्केट आणि आवाजाचा बंदोबस्त हवा असेल, तर यूपीव्हीसी.

यूपीव्हीसी पिवळे पडते ते त्यात टायटॅनियम डायऑक्साइड कमी घातले असेल तर, आणि वाकते ते आत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी नसेल तर. दोन मीटरची यूपीव्हीसी पट्टी ३० अंशांनी तापली की ४ मिमी वाढते, अ‍ॅल्युमिनियमची दीड मिमीदेखील वाढत नाही. म्हणून नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या उन्हात गडद रंगाचे यूपीव्हीसी मला पसंत नाही, पांढरे घ्यावे.

‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही’ हेही अर्धेच खरे. लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, पण अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत त्याला खड्डे पडतात, पांढरी पावडर सुटते. तिथे पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉनचे किंवा अ‍ॅनोडायझिंग २० मायक्रॉनच्या पुढचे असावे, स्क्रू स्टेनलेसचे असावेत आणि चौकट अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या ओलीत अ‍ॅल्युमिनियमलाच खातो.

सागाची चौकट उष्णता अडवण्यात कुणाच्याही मागे नाही. पण जुन्या चौकटीत नवी दुहेरी काच सहसा बसत नाही. ६-१२-६ ची काच २४ मिमी जाड आणि दर चौरस मीटरला ३० किलो. जुन्या खाचेत पाच मिमीची काच बसायची आणि बिजागऱ्याही त्याच वजनाच्या. सुताराने ‘बसवून देतो’ म्हटले, तरी आधी वजन सांगावे.

‘डबल काच फुटत नाही’

काच साधी असेल तर दोन्ही फुटतात. टफन काच फुटली की बारीक तुकडे होतात आणि उंचावरून ते खाली रस्त्यावर पडतात. लॅमिनेटेड फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. खाली माणसे चालतात अशा ठिकाणी बाहेरची काच लॅमिनेटेड असावी.

कोटेशनवर नुसते ‘डीजीयू (म्हणजे दुहेरी काच) ६-१२-६’ लिहून घेऊ नका. प्रत्येक काचेचा प्रकार, लेपाचे नाव आणि तो कोणत्या बाजूला, सूर्यउष्णतेचा गुणांक (उन्हातला किती हिस्सा काच आत सोडते तो), गास्केटचे मटेरियल, ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची आणि चौकट व भिंत यांच्यामधली फट कशाने भरणार, हे सगळे लेखी घ्या. माल आला की बसवण्याआधी काचेसमोर लायटर पेटवा. काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतील. त्यातल्या एकाचा रंग इतरांपेक्षा वेगळा दिसला, तर लेप त्या बाजूला आहे. ऊन अडवायचे असेल, तर ते प्रतिबिंब बाहेरच्या बाजूने मोजल्यावर दुसरे असायला हवे. चारही सारखीच दिसली, तर काच साधी आहे. गाडी तशीच परत पाठवा.