नावात ‘इंडिका’, माहेर आफ्रिकेत

चिंचेचे शास्त्रीय नाव ‘टॅमॅरिंडस इंडिका’. ‘इंडिका’ म्हणजे भारताची. तेव्हा चिंच मूळची भारतातली, असे उत्तर कोणी लिहिले तर ते बरोबर ठरेल काय? नाही. चिंचेचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील आफ्रिका होय. फार प्राचीन काळी ती आपल्याकडे आली व इथलीच झाली. अरब लोक तिला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हणत. त्यावरून ‘टॅमॅरिंडस’ हा शब्द झाला. १७५३ साली स्वीडनच्या लिनीयस यांनी त्यास ‘इंडिका’ हे विशेषण जोडले. एका नावात भारत दोनदा आला, आफ्रिका मात्र एकदाही नाही!

शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा असतो व दोन्ही शब्द मिळून जाती ठरते. दुसरा शब्द विशेषण असेल तर तो लिंगानुसार बदलतो. आपण काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर म्हणतो, तसेच हे. म्हणून तीळ ‘सेसॅमम इंडिकम’, तर आंबा ‘मँजिफेरा इंडिका’. ‘टॅमॅरिंडस’ पुल्लिंगी वाटले, तरी लॅटिनमध्ये वृक्षांची नावे बहुधा स्त्रीलिंगी मानतात. ‘एन्सिस’ या प्रत्ययाचा अर्थ ‘त्या ठिकाणचा’. आपला वड ‘फायकस बेंगालेन्सिस’ आहे.

आंब्याच्या बाबतीत ‘इंडिका’ योग्यच आहे. पीच हे फळ मात्र मूळचे चीनचे. ते इराणमार्गे युरोपात पोचले, म्हणून ‘प्रूनस पर्सिका’ झाले. अशा नावावरून वस्तू नाव देणाऱ्याकडे कोठून आली, किंवा ती कोठली असे त्याला वाटले, एवढेच कळते. मूळ स्थान शोधताना ती वनस्पती रानात आपोआप कोठे वाढते, तिचे जवळचे आप्त कोठे आहेत, हे पाहावे लागते.

मग चूक सुधारत का नाहीत? केवळ अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव बदलू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर नाव बदलले, तर जुन्या व नव्या ग्रंथांतील वनस्पती एकच हे ओळखणे कठीण होईल. भौतिकशास्त्रातही असेच घडले. विद्युतधारा धनाकडून ऋणाकडे वाहते असे मानण्याचा प्रघात पडला. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि तारेत ते उलट दिशेने जातात हे समजले. तरी प्रघात कायम राहिला, आणि त्यामुळे एकही गणित चुकत नाही.

शाळेच्या बागेतील झाडांची शास्त्रीय नावे लिहून काढा. त्यांत गावादेशांची नावे किती, आणि त्यांतली खरी किती, हे शोधून पाहा.