विश्लेषण : प्रोस्टेट कर्करोगाची चाचणी प्रत्येक पुरुषाने करावी का?

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना मे २०२५ मध्ये प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा तो हाडांपर्यंत पसरला होता. त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ मधील असल्याचे त्यांच्या प्रवक्त्यांनी सांगितले. चाचणी वेळेवर झाली असती तर? या प्रश्नाने जुना वाद पुन्हा पेटला.

पीएसए चाचणी म्हणजे काय?

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात तयार होणाऱ्या पीएसए या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण या चाचणीत मोजतात. मात्र ते वयोमानाने ग्रंथी वाढल्यास किंवा संसर्ग झाल्यासही वाढते. ब्रिटनच्या एनएचएसनुसार पीएसए वाढलेल्या चारपैकी सुमारे तिघांना कर्करोग नसतो.

मग वाद कशावरून?

हा कर्करोग अनेकदा इतका सावकाश वाढतो, की त्याचा आयुष्यभर त्रासही होत नाही. उपचारांमुळे मात्र लघवीवरील नियंत्रण सुटणे, लैंगिक समस्या असे परिणाम होऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृती दलाने २०१२ मध्ये सरसकट चाचणी नको, असे सांगितले. २०१८ मध्ये भूमिका बदलली. ५५ ते ६९ वयोगटातील पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा; सत्तरीनंतर चाचणी नको.

आकडे काय सांगतात?

युरोपातील मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. दुसरीकडे, ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा फक्त देखरेख, यांपैकी काहीही निवडले तरी १५ वर्षांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. त्यामुळे कमी जोखमीच्या रुग्णांना आता अनेकदा लगेच उपचारांऐवजी नियमित देखरेखीचा सल्ला दिला जातो. बायोप्सीआधी एमआरआय केल्यानेही अनावश्यक सुया टळतात.

भारतात काय स्थिती?

सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या कर्करोगांची तपासणी होते, प्रोस्टेटची नाही. खासगी ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये मात्र पीएसए अनेकदा असते आणि अहवाल हाती पडल्यावरच धावपळ सुरू होते.

मग काय करावे?

वडील किंवा भावाला हा आजार झाला असल्यास धोका वाढतो, त्यांनी डॉक्टरांशी लवकर बोलावे. लघवीतून रक्त, लघवीला अडथळा अशी लक्षणे असतील तर हा वाद लागूच होत नाही; तपासणी करावीच. लक्षणे नसलेल्यांनी मात्र रक्त देण्याआधीच डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : आकडा जास्त आला, तर पुढे काय?